बेळगावचा खंदक आणि पडद्यावरील लढाई

पडद्यावर बंदूक रोखून खेळावयाच्या लढाईच्या खेळांनी आजची तरुण पिढी भारून गेली आहे. त्यांपैकी ‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळ १९९९ साली निघाला. एका पक्षाने नेमलेल्या जागी स्फोटक ठेवावयाचे व दुसऱ्याने ते ठेवू द्यावयाचे नाही, अशी त्याची मांडणी. अशा खेळाची गोडी केवळ नेमबाजीत नसते. वाट कोठे अरुंद करावी, आडोसा कोठे द्यावा, चढाई करणाऱ्यास किती मार्ग मोकळे ठेवावेत, याचा हिशेब रचनाकाराने आधीच केलेला असतो. हा हिशेब नवा मात्र नव्हे. निपाणीहून महामार्गाने बेळगावी येणाऱ्यास तो किल्ल्याच्या खंदकाकाठी आजही पाहावयास मिळतो.

इ. स. १४७२-७३ च्या सुमारास बहमनी सुलतान तिसरा महंमदशहा आणि त्याचा वजीर महमूद गावान यांनी या किल्ल्यास वेढा दिला. इतिहासकार फिरिश्त्याने त्याची हकीकत दिली आहे. तट भक्कम, भोवती रुंद व पाण्याने भरलेला खंदक. गावानाच्या माणसांनी दिवसा लाकूडफाटा व माती टाकून खंदक बुजवावा, आणि किल्ल्यातील लोकांनी रात्री तो भराव उपसून न्यावा! हा डाव फसतो, हे ओळखून गावानाने मार्गच बदलला. खंदक ओलांडण्याचा हट्ट सोडून त्याने तटाखाली भुयारे खणविली व त्यांत दारू भरून सुरुंग उडविले. सुरुंगाची ही युक्ती दक्षिणेत तोवर कोणी योजिली नव्हती, असे फिरिश्ता म्हणतो.

तटास खिंडार पडले, तरी डाव संपला नाही. रुंद तट राखण्यास पुष्कळ माणसे लागतात. खिंडारातून शिरणारा शत्रू मात्र आपसूकच एका चिंचोळ्या वाटेवर येतो. किल्लेकऱ्यांनी तेथेच झुंज दिली आणि चढाई करणारे सुमारे २,००० लोक त्या खिंडारात पडले. शेवटी सुलतान जातीने पुढे सरसावला, तेव्हा तट हाती आला. पुढे राजा वेष पालटून स्वतःचाच दूत म्हणून सुलतानासमोर गेला आणि त्याने अभय मागितले.

१८१८ साली जनरल मन्रो याने हाच किल्ला सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर घेतला. तेव्हा तोफांचा मारा निर्णायक ठरला.

पडद्यावर पडलेला गडी पुढच्या डावात उठून उभा राहतो, म्हणून तेथे धाडस स्वस्त असते. खिंडारातील त्या २,००० जणांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती अजून उभी आहे. ती दाखविण्यास मुलांना नेणाऱ्यांनी घटकाभर खंदकाकाठीही थांबावे, आणि हा खंदक कसा ओलांडाल, हे त्यांना विचारावे.