नारळ: सातारा-सांगलीच्या थंडीत रोपे कशी सांभाळावीत?

नारळ हे मूळचे किनारपट्टीचे पीक. सरासरी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असेल तर ते चांगले वाढते. पारा बराच काळ २० अंशांखाली राहिला की वाढ मंदावते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बांधावर, विहिरीजवळ, मळ्यात नारळ लावला जातो आणि फळेही देतो. धोका असतो तो डिसेंबर-जानेवारीतील मोजक्या कडाक्याच्या रात्रींचा. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात तर अशा रात्री दव गोठते.

धोका नेमका कशाला?

नारळाला फांद्या फुटत नाहीत. शेंड्यातील एकच कोंब वाढतो. तो मेला की झाड गेले. झावळ्या करपल्या तरी नव्या येतात. म्हणून थंडीत पाने वाचवण्यापेक्षा कोंब वाचवणे महत्त्वाचे. पहिली दोन-तीन वर्षे रोपाचा कोंब जमिनीलगत, म्हणजे सर्वांत थंड थरात असतो. त्यामुळे याच काळात जास्त जपावे लागते.

जागा आणि लागवड

- निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा उतारावरून खाली येऊन सखल भागात साचते. ओढ्याकाठची खोलगट जागा टाळा. घराच्या भिंतीजवळची, वाऱ्यापासून आडोसा असलेली, निचऱ्याची जागा निवडा.
- बाणवलीसारखी उंच जात ठेंगू जातींपेक्षा काटक असते. मात्र ती फळावर यायला सहा ते आठ वर्षे लागतात.
- ९ ते १२ महिन्यांचे जोमदार रोप जूनमध्ये १ मीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात लावा. थंडीपर्यंत मुळे धरायला वेळ मिळतो. दोन झाडांत ७.५ मीटर अंतर ठेवा.

थंडीपूर्वी

- पहिल्या वर्षी रोपाला १० किलो शेणखत, २०० ग्रॅम नत्र, १०० ग्रॅम स्फुरद व २०० ग्रॅम पालाश द्या. दरवर्षी तेवढीच वाढ करत पाचव्या वर्षी पूर्ण मात्रा (५० किलो शेणखत, १ किलो नत्र, ५०० ग्रॅम स्फुरद, १ किलो पालाश) द्यावी.
- नत्र व पालाश जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशा तीन हप्त्यांत विभागा. ऐन थंडीत जादा युरिया देऊन कोवळी वाढ काढू नका.
- लहान रोपांभोवती चार काठ्या रोवून उसाच्या पाचटाचा किंवा गोणपाटाचा आडोसा करा. दिवसा ऊन मिळेल अशी एक बाजू उघडी ठेवा.

कडाक्याच्या रात्री

- संध्याकाळी आळ्यात विहिरीचे पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते. पाणी शेंड्यात ओतू नका.
- आडोशावर वरून गोणपाट टाका; सकाळी ऊन आल्यावर काढा.
- बागेत शेकोट्या पेटवायच्या तर रोपांपासून दूर, अनेक लहान शेकोट्या करा. उपयोग उष्णतेचा होतो. नुसत्या धुराचा फारसा नाही.

थंडीनंतर

नुकसान लगेच दिसत नाही. काही दिवसांनी पानांची टोके तपकिरी होतात, पाने पिवळसर पडतात. मोठ्या झाडांवर लहान फळांची गळ होते. करपलेली पाने लगेच छाटू नका. ती कोंबाला आडोसा देतात. फेब्रुवारीअखेर पूर्ण वाळलेलीच काढा.

मधले न उमललेले पान हळूच ओढून पाहा. घट्ट असेल तर झाडाला वेळ द्या. सहज निघून आले व घाण वास आला तर कोंब कुजू लागला आहे. कुजलेला भाग निरोगी भाग लागेपर्यंत धारदार चाकूने काढा, बोर्डो मलम लावा आणि पाणी शिरणार नाही असे झाका. शेजारच्या झाडांच्या शेंड्यात एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा.

पाने जळाली म्हणून रोप उपटण्याची घाई करू नका. कोंब जिवंत असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवे पान दिसते. ते दिसेपर्यंत आळे कोरडे पडू देऊ नका आणि पाणी साचूही देऊ नका.