विन्फ्रिड क्रेचमान : शाळेच्या वर्गातून विधिमंडळाकडे

जर्मनी हे संघराज्य आहे. त्याच्या सोळाही घटक राज्यांना स्वतःचे विधिमंडळ असून शालेय शिक्षण हा विषय मुख्यतः राज्यांच्याच अखत्यारीत येतो. त्यामुळे शिक्षकाने विधिमंडळात जाणे तेथे नवलाचे नाही. मात्र नैर्ऋत्येकडील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचे विन्फ्रिड क्रेचमान यांची वाटचाल आम्हांस विशेष उल्लेखनीय वाटते.

त्यांचा जन्म १७ मे १९४८ रोजी श्पायखिंगेन येथे झाला. आईवडील पूर्व प्रशियातील एर्मलांड या कॅथलिक प्रदेशातून आलेले निर्वासित, वडील शिक्षक. काही वर्षे कॅथलिक वसतिगृहात काढल्यानंतर त्यांनी होहेनहाइम विद्यापीठात जीवशास्त्र व रसायनशास्त्राचे अध्ययन केले. विद्यार्थिदशेत ते माओवादी गटात सामील झाले होते. त्या कारणाने त्यांची शासकीय शाळेतील नेमणूकही धोक्यात आली. ती आपली मोठी राजकीय चूक होती, अशी कबुली त्यांनी पुढे जाहीरपणे दिली. त्या काळात ख्रिस्तसभेपासून दुरावलेले क्रेचमान नंतर परतले, चर्चच्या गायनवृंदात गाऊ लागले आणि जर्मन कॅथलिकांच्या केंद्रीय समितीचे सदस्यही झाले.

१९७९ साली ते राज्यातील ग्रीन पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते. १९८० मध्ये पक्षाचे सहा सदस्य विधिमंडळात गेले, त्यांत तेही होते. १९८६-८७ मध्ये त्यांनी हेस्से राज्यात योश्का फिशर यांच्या पर्यावरण मंत्रालयात काम केले. १९८८ मध्ये ते पुन्हा निवडून आले, १९९२ मध्ये त्यांची जागा गेली, १९९६ मध्ये ती परत मिळाली. २००२ पासून ते विधिमंडळात पक्षाचे नेते होते.

मार्च २०११ मध्ये, फुकुशिमा दुर्घटनेनंतर अवघ्या काही दिवसांत झालेल्या निवडणुकीत ग्रीन पक्षाला २४.२ टक्के मते मिळाली. १२ मे रोजी क्रेचमान मुख्यमंत्री झाले. जर्मनीत ग्रीन पक्षाचा हा पहिलाच मुख्यमंत्री.

जनतेचे म्हणणे ऐकून घेणारा कारभार, हे त्यांचे ब्रीद होते. त्याची कसोटी लवकरच लागली. स्टुटगार्टच्या नव्या रेल्वेस्थानकाला त्यांचा विरोध होता; परंतु नोव्हेंबर २०११ च्या सार्वमतात ५८.९ टक्के मतदारांनी प्रकल्पातून माघार घेण्यास नकार दिला. क्रेचमान यांनी तो कौल मान्य केला. २०१४ मध्ये आश्रयविषयक कायद्याला त्यांनी संघीय सभागृहात पाठिंबा दिला, तेव्हा स्वपक्षीयांनीच त्यांच्यावर कडाडून टीका केली. त्याच सुमारास इराकमधील अत्याचारपीडित सुमारे १,००० यझिदी स्त्रिया व मुलांना त्यांच्या सरकारने आश्रय देऊ केला. २०१८ च्या नोबेल शांतता पुरस्काराच्या एक मानकरी नादिया मुराद त्यांपैकीच.

त्यांच्याच कारकिर्दीत, २०१५ साली, या राज्याने आपल्या महाराष्ट्राशी भागीदारी केली. २०१६ व २०२१ च्या निवडणुकांत ग्रीन पक्ष राज्यात पहिला आला. २०२६ ची निवडणूक लढविणार नसल्याचे क्रेचमान यांनी आधीच सांगितले होते.

त्यांचे सर्वच निर्णय सर्वांना पटले नाहीत. तथापि चूक कबूल करणे आणि आपल्याविरुद्ध गेलेला कौल मान्य करणे, या दोन गोष्टी सत्तेत राहूनही साधतात, हे त्यांच्या जीवनावरून दिसते. सार्वजनिक जीवनात उतरू पाहणाऱ्या आपल्या प्रापंचिक बंधुभगिनींनी याचा विचार जरूर करावा.