भंडाऱ्यातला थांबलेला पंखा

नवतपा लागला की भंडारा जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि दुरुस्तीच्या दुकानांत न फिरणारे पंखे जमू लागतात. एके काळी पंखा थांबायचा तो ओढणाऱ्याचा हात थकला म्हणून. इंग्रजी अमलात कचेऱ्यांच्या छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढला जाई. दारांना वाळ्याच्या ताट्या लावत आणि दिवसभर त्यांवर पाणी मारत राहत. साहेबाचा गारवा असा दुसऱ्याच्या घामावर चाले.

वीज आली तशी दोरी गेली, ताटी मात्र टिकली. विदर्भाच्या कूलरमध्ये तीच ताटी तीन बाजूंना उभी राहिली. पाणी मारायला पंप आला आणि वाळ्याच्या जागी बहुधा लाकडाचा बारीक कीस. कोरड्या मे महिन्यात ही युक्ती उत्तम चालते. जूनमध्ये वैनगंगेच्या खोऱ्यात दमट हवा शिरली की तिचा उपयोग संपतो.

थांबलेला पंखा तपासायची रीत या कूलरच्या दुरुस्तीत दिसते. मिस्त्री आधी वीज तोडतो, मग पाते बोटाने फिरवून बघतो. पाते जड फिरले तर बुश किंवा बेअरिंग सुकले आहे. सैल फिरते, वीज दिल्यावर मोटर नुसती गुणगुणते आणि धक्का दिला की चालू लागते, तर कंडेन्सर गेला. गुणगुणतही नसेल तर वायर किंवा वाइंडिंग पाहायचे. मीटर हातात घेण्याआधीच निम्मे निदान झालेले असते, आणि ही विद्या पिढ्यान् पिढ्या बघून बघून शिकली गेली.

संगणकाचा पंखा या दुकानांत फार उशिरा पोहोचला. 1981 सालच्या आयबीएम पीसीत प्रोसेसरवर पंखाच नव्हता. वीजपुरवठ्याच्या डब्यातला एकच पंखा पुरे होई. 1993 मध्ये पेंटियम प्रोसेसर आला तो जास्त तापणारा. पुढे प्रोसेसरसाठी वेगळा पंखा आणि हवा आतबाहेर खेळवायला पेटीचे पंखे हा शिरस्ताच पडला. महाराष्ट्रात 2001 साली संगणक शिक्षणासाठी एमकेसीएल ही संस्था स्थापन झाली, तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यांच्या गावांपर्यंत गेले आणि तुमसर, साकोली, पवनीसारख्या ठिकाणी संगणक तापू लागले.

प्रोसेसरचा थंडावाच गेला तर काय होते हे त्याच 2001 साली जगाला दिसले. टॉम्स हार्डवेअर या संगणकविषयक संकेतस्थळाने चालू संगणकांवरचे थंडावा देणारे भाग काढून चित्रीकरण केले: पेंटियम 4 मंदावला पण तगला, एएमडीचा अॅथलॉन धूर सोडून जळाला.

मिस्त्रीची जुनी रीत इथे अर्धीच लागू पडते. हा पंखा 12 व्होल्टच्या डीसीवर चालतो. त्याला कंडेन्सरच्या धक्क्याची गरज नसते. गुंडाळ्या जागच्या जागी राहतात, भोवतीचे चुंबक फिरते आणि ते कुठे आले हे एक छोटा सेन्सर सांगतो. तेव्हा पाते बोटाने फिरवणे तेच, पुढचा प्रश्न वेगळा. आधी प्लग बसलाय का ते पाहतात, मग एखादी सैल वायर पात्यात अडकली आहे का. पंखा दुसऱ्या पिनांवर लावून पाहिला आणि तिथे फिरला, तर दोष मदरबोर्डच्या जोडणीत. बोटाच्या धक्क्याने सुरू होणारा पंखा बहुधा तेल सुकलेल्या बुशचा असतो. त्याला तेलाचा थेंब काही दिवस चालवतो, पण बदलणेच बरे. कूलरच्या ओलसर हवेत धुळीचे थर पात्यांवर घट्ट बसतात, म्हणून कूलरचा झोत थेट पेटीवर नसावा.

नव्या मदरबोर्डांनी एक नवा घोळ घातला आहे. अनेकांत अशी सोय असते की तापमान कमी असेपर्यंत पंखा मुद्दामच थांबवला जातो. हिवाळ्यात चांगला पंखा बिघडला समजून दुकानात येतो, आणि बायोसमधली एक नोंद बदलताच फिरू लागतो. असे घडले की ग्राहकाचा पंखा बदलू नये, त्याला ती नोंद दाखवावी.