कोच पण तोच, सेंटर पण तोच: बिल रसेल

तर मंडळी, 1966. बोस्टन सेल्टिक्सचे कोच रेड आउरबाख बाजूला झाले आणि टीम दिली बिल रसेलकडे. एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय हेड कोच! आणि गडी अजून खेळत होता. म्हणजे टाइमआउटमध्ये डावपेच सांगायचे, मग स्वतःच जाऊन विल्ट चेंबरलेनला अडवायचं.

पहिल्याच सीझनला चेंबरलेनच्या फिलाडेल्फियाने हरवलं. सलग 8 विजेतेपदांची साखळी तुटली. टीका करणाऱ्यांना आयतं कोलीत. रसेलने 1968 आणि 1969, दोन्ही जिंकून दाखवलं, आणि निवृत्त झाला.

पुढे सिॲटलला त्याने 1975 मध्ये पहिल्यांदा प्लेऑफमध्ये नेलं. पण मला वाटतं, बाकावरच्या रसेलला कोर्टावर दुसरा रसेल कधी मिळालाच नाही. 1987-88 मध्ये सॅक्रामेंटोला 58 मॅचेसमध्ये फक्त 17 विजय. सीझन संपायच्या आतच कोचपद गेलं.