गुराबेची नाळ

टिटवाळ्याची काळू नदी उल्हासेस मिळते. तें पाणी पुढें कल्याणच्या खाडींत उतरतें. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी घेतल्यावर याच खाडीच्या आश्रयानें शिवाजी महाराजांचें आरमार आकारास येऊं लागलें. मराठी आरमारांतील गुराबेची लहान प्रतिकृति करूं जाणाऱ्यास प्रथम पुरावा शोधावा लागतो. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें केलेलें वर्णन अठराव्या शतकांतील, आंग्र्यांच्या काळचें. शिवकालास तें जपूनच लावावें. रुंद, कमी पाण्यांत चालणारें बूड. दोन, क्वचित् तीन डोलकाठ्या. पुढें लांब निघालेली नाळ, आणि तिच्यावरून मारा करणाऱ्या दोन तोफा. नाळेला मात्र कठडा नाहीं. प्रतिकृतिकारानें शोभेसाठीं तेथें कठडा बसविला, कीं गुराबेचें विलायती जहाज झालेंच! समोरची लाट नाळेवर आदळली, तर पाणी अडून न राहतां निघून जावें, अशी ती योजना होती.