विषय-वाङ्मयाचा अभ्यास

ग्रंथालयशास्त्राची शाखा. एखाद्या विषयावर कोणी, केव्हा, कोठे आणि कोणत्या स्वरूपात लिहिले, याचा शोध, नोंद व मोजदाद तीत होते. सूची, वर्गीकरण आणि ग्रंथमिती (ग्रंथ व लेखांची सांख्यिकीय मोजणी) ही तिची मुख्य साधने.

मोर्शी (जि. अमरावती) परिसरातील संत्रा हा विषय घेतला, तर त्यावरील लेखन अनेक ठिकाणी विखुरलेले आढळते. ड्यूई दशांश वर्गीकरणात संत्र्याची लागवड ६३४.३१ खाली येते. शेतमालाचे अर्थकारण मात्र ३३८.१ मध्ये जाते. मृग व आंबिया बहार, डिंक्या रोग, पाणीव्यवस्थापन यांवरील संशोधन अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) व नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था येथे चालते. शोधनिबंध, प्रबंध, अहवाल आणि शेतकऱ्यांसाठीच्या पुस्तिका एका विषयसूचीत आणल्या, की कशावर भरपूर लिहिले गेले आणि काय राहून गेले, ते उमगते.

शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने (१८००–१९३७) मराठीत या कामाचा भक्कम पाया घातला. सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये दाखवले, की विषयावरील बरेचसे लेख मोजक्या नियतकालिकांत एकवटतात आणि उरलेले असंख्य नियतकालिकांत पांगतात. शि. रा. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये ग्रंथालयांच्या कामकाजास संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली. अ‍ॅलन प्रिचर्ड यांनी १९६९ मध्ये ग्रंथमितीची व्याख्या केली.

केवळ संख्येवरून लेखनाचा दर्जा ठरत नाही. स्थानिक भाषेतील पुस्तिका आंतरराष्ट्रीय सूचींत क्वचितच येतात. म्हणून तालुक्याच्या ग्रंथालयाने त्या जपणे व नोंदवणे अत्यावश्यक ठरते.