बस्सानो देल ग्राप्पा: चार वेळा मोडलेला पूल दर वेळी लाकडाचाच का बांधला गेला?

इटलीत जुन्या पुलांची कमी नाही. फ्लोरेन्सचा पोंते व्हेक्यो आणि व्हेनिसचा रियाल्तो तर जगप्रसिद्ध आहेत. दोन्ही दगडी आणि शेकडो वर्षं जागचे न हललेले. पण व्हेनिसच्या वायव्येला साधारण ६५ किलोमीटरवर एका नदीकाठच्या गावात असा एक पूल आहे, ज्याचं जवळपास एकही लाकूड साडेचारशे वर्षं जुनं नाही. तरीही तो 'पाल्लादिओचा पूल' म्हणूनच ओळखला जातो.

या गावाचं नाव बस्सानो देल ग्राप्पा. नदीचं नाव ब्रेंता. गावाची लोकसंख्या ४० हजारांच्या थोडी वर.

आधी नदी समजून घेऊ

ब्रेंता आल्प्सच्या पायथ्याच्या दोन तलावांतून निघते आणि साधारण १७४ किलोमीटर वाहून व्हेनिसच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. डोंगरातल्या अरुंद खोऱ्यातून ती जिथे सपाटीवर उतरते, नेमकं तिथेच बस्सानो आहे. म्हणजे वर आल्प्सकडे जाणारा माल आणि खाली व्हेनिसकडे येणारा माल, दोन्ही इथूनच जायचे. व्हेनिसला जहाजं आणि इमारतींसाठी लागणारं लाकूड डोंगरात तोडून याच नदीतून खाली सोडलं जायचं.

याची दुसरी बाजू म्हणजे पूर. डोंगरात जोराचा पाऊस झाला की नदी काही तासांत फुगते. तिथल्या बोलीत अशा पुराला 'ब्रेंताना' म्हणतात. नदीच्या नावावरूनच पुराचं नाव पडावं, यातच काय ते आलं.

पाल्लादिओला नकार

इथे पूल असल्याची सर्वात जुनी नोंद १२०९ सालची आहे. तेव्हा गाव एझ्झेलिनी घराण्याच्या ताब्यात होतं. पुढे ते पादुआ, व्हेरोना, मिलान अशा वेगवेगळ्या सत्तांकडे फिरत राहिलं आणि १४०४ मध्ये व्हेनिसच्या राज्यात गेलं. मुख्य चौकात खांबावर दिसणारा पंखवाला सिंह ही त्याच काळाची खूण.

ऑक्टोबर १५६७ मध्ये ब्रेंतानाने पूल वाहून नेला. नवा पूल बांधण्यासाठी आंद्रेआ पाल्लादिओला विचारण्यात आलं. पाल्लादिओ म्हणजे त्या काळातला सर्वात मोठा वास्तुविशारद. पुढे दोनशे वर्षं युरोप-अमेरिकेतल्या इमारतींवर त्याची छाप राहिली. त्याने प्राचीन रोमन पुलांसारखा तीन कमानींचा दगडी पूल सुचवला.

नगर परिषदेने तो नाकारला. आम्हाला आमच्या जुन्या पुलासारखाच पूल हवा, असं तिचं म्हणणं होतं. मग पाल्लादिओने १५६९ मध्ये लाकडी पुलाचा आराखडा केला.

गंमत म्हणजे त्याने तोही मनापासून केला. नदीच्या रुंदीचे पाच सारखे भाग पाडले आणि मध्ये लाकडी खांबांच्या चार रांगा उभ्या केल्या. या रांगा प्रवाहाच्या दिशेने लांबट ठेवल्या, म्हणजे पाणी त्यांना कापत जाईल, आडवं धडकणार नाही. बाजूने तिरके टेकू दिले. वर उतरतं छप्पर घातलं आणि ते पेलायला खांबांची ओळ लावली. छप्पर शोभेसाठी नाही. लाकडी पुलाला पुराइतकाच धोका पावसाने कुजण्याचा असतो, आणि छपरामुळे खालच्या तुळया कोरड्या राहतात. पुढच्याच वर्षी, १५७० मध्ये, पाल्लादिओने वास्तुकलेवरचा आपला प्रसिद्ध चार भागांचा ग्रंथ छापला तेव्हा या पुलाचं रेखाटनही त्यात घेतलं.

हे रेखाटन पुढे फार उपयोगी पडलं. पूल गेला तरी तो कसा बांधायचा, हे छापील पुस्तकात होतं.

मोडा आणि बांधा

१७४८ च्या पुरात पाल्लादिओचा पूल गेला. तो पुन्हा उभारला बार्तोलोमेओ फेराचिना या माणसाने. औपचारिक शिक्षण नसलेला, स्वतःच्या हिकमतीवर यंत्रं बनवणारा हा कारागीर. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातल्या घड्याळ-मनोऱ्याच्या यंत्रावरही त्याने काम केलं होतं. त्याने जुन्याच आराखड्याप्रमाणे पूल बांधला.

१८१३ मध्ये नदीने नाही, माणसांनी तो जाळला. नेपोलियनचा सावत्र मुलगा आणि इटलीतला त्याचा व्हाइसरॉय यूजीन द बोआर्ने याच्या सैन्याने माघार घेताना आग लावली. आंजेलो कासारोत्तीने १८२१ मध्ये तो परत उभा केला, पुन्हा पाल्लादिओच्याच धर्तीवर.

डोंगराचं नाव गावाला कसं मिळालं?

गावाच्या नावातला 'ग्राप्पा' नंतर आला. १९२८ पर्यंत हे गाव बस्सानो व्हेनेतो होतं.

ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तोच्या लढाईत इटलीची आघाडी कोसळली. सैन्य मागे हटत हटत प्याव्हे नदी आणि ग्राप्पा डोंगराच्या रेषेवर थांबलं. १,७७५ मीटर उंचीचा हा डोंगर पडला असता तर खालचं सगळं मैदान उघडं पडलं असतं. तो पडला नाही, पण वर्षभरात हजारो सैनिक तिथे मेले. डोंगरमाथ्यावर १९३५ मध्ये उघडलेल्या स्मारकात इटालियन आणि ऑस्ट्रो-हंगेरियन मिळून २२ हजारांहून अधिक सैनिकांचे अवशेष आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. याच डोंगराच्या आठवणीत १९२८ मध्ये गावाने नाव बदललं.

त्या युद्धात अमेरिकन रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका चालवणारे तरुण इथल्या एका हवेलीत राहायचे. तिथे आज अर्नेस्ट हेमिंग्वे आणि पहिल्या महायुद्धावरचं संग्रहालय आहे.

३१ झाडं

जुन्या गावाच्या कडेला, डोंगरांकडे तोंड करून असलेला एक रस्ता आहे: व्हियाले देई मार्तिरी, म्हणजे हुतात्म्यांचा रस्ता. संध्याकाळी फेरफटका मारायला गावातली ही सगळ्यात सुंदर जागा. एका बाजूला झाडांची रांग, आणि झाडांवर नावांच्या पाट्या.

सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन आणि इटालियन फॅसिस्ट सैन्याने ग्राप्पा डोंगरावर लपलेल्या प्रतिकार-लढवय्यांविरुद्ध मोठी मोहीम काढली. २६ सप्टेंबरला पकडलेल्यांपैकी ३१ जणांना या झाडांना फाशी देण्यात आली. बहुतेक जण विशीच्या आसपासचे होते.

पाच महिन्यांनी, १७ फेब्रुवारी १९४५ ला प्रतिकार-लढवय्यांनी जर्मनांची वाट तोडण्यासाठी पूल उडवला. म्हणजे या खेपेस पूल मोडणारे गावच्या बाजूचेच होते. याचा सूड म्हणून पाच दिवसांनी तिघांना पुलाजवळच गोळ्या घालण्यात आल्या.

अल्पिनींचा पूल

अल्पिनी म्हणजे इटलीच्या सैन्यातली डोंगरी तुकडी, टोपीत पीस खोचणारे सैनिक. युद्ध संपल्यावर पूल परत बांधायचं काम अल्पिनींच्या माजी सैनिकांनी मनावर घेतलं. पुन्हा लाकूड, पुन्हा तोच आराखडा. ऑक्टोबर १९४८ मध्ये पंतप्रधान अल्चिदे दे गास्पेरी यांच्या हस्ते पूल खुला झाला. तेव्हापासून त्याला पोंते देल्यी अल्पिनी, अर्थात अल्पिनींचा पूल, असंही म्हणतात.

नोव्हेंबर १९६६ च्या पुराने त्याला जबर धक्का दिला, पण तो टिकला. मात्र पाण्यातलं लाकूड झिजत गेलं आणि खांब खचायला लागले. २०१९ मध्ये पूल राष्ट्रीय स्मारक जाहीर झाला. रखडत चाललेली मोठी दुरुस्ती २०२१ मध्ये पूर्ण झाली.

मग हा पूल 'मूळ' म्हणायचा का? लाकडं बघाल तर नाही. पण लाकूड बदलायचंच असतं, हे इथे पहिल्यापासून गृहीत होतं. आराखडा जपला की पूल जपला, असा गावाचा हिशोब. माझ्या मते तो दगड जपण्याइतकाच प्रामाणिक आहे.

आणखी काय बघाल?

पुलाच्या पूर्वेच्या तोंडाशीच नार्दिनीचं दुकान आहे. १७७९ पासून ते इथे ग्राप्पा विकतात. ग्राप्पा ही द्राक्षांचा रस काढल्यावर उरलेल्या साली आणि बियांच्या चोथ्यापासून गाळलेली कडक दारू. तिचं नाव डोंगरावरून पडलं असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. या चोथ्याला तिथल्या बोलीत 'ग्रास्पा' म्हणतात, त्यावरून ते आलं. डोंगराचं नाव सारखं असणं हा निव्वळ योगायोग.

पलीकडच्या टोकाला अल्पिनींचं छोटं संग्रहालय आहे. नदीवरच्या पालात्सो स्तुर्म या हवेलीत रेमोंदिनी छापखान्याचं संग्रहालय आहे आणि ते अजिबात चुकवू नका. सतराव्या शतकात सुरू झालेला हा छापखाना अठराव्या शतकात युरोपातल्या सर्वात मोठ्या छापखान्यांपैकी एक होता. संतांची स्वस्त रंगीत चित्रं, पत्ते, नक्षीचे कागद असं सगळं इथे छापलं जायचं, आणि डोंगरातले फेरीवाले ते पाठीवर घेऊन पार रशियापर्यंत पायी जायचे. १८६१ मध्ये छापखाना बंद पडला.

नगर संग्रहालयात इथल्याच याकोपो बस्सानो या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराची चित्रं आहेत. बायबलमधल्या प्रसंगांत तो गाई, मेंढ्या, कुत्री आणि चिखलाने माखलेले पाय रंगवायचा, म्हणून आजही ती चित्रं जवळची वाटतात.

व्हेनिसहून रेल्वेने साधारण सव्वा तासात इथे पोचता येतं. वसंतात गेलात तर हॉटेलांत पांढरा ॲस्परॅगस उकडलेल्या अंड्यासोबत मिळेल. तो इथला खास आहे. पुलावरून गाड्या जात नाहीत, त्यामुळे मधोमध निवांत थांबून नदी बघता येते.